तीनशे मीटरवरचं झाकण

खेळ बाजारात येऊन तिसरा दिवस उजाडला, तेव्हा चिरंजीवांना कळलं की आपल्या खेळात आपली आई आहे.

चिरंजीवांचं वय चौतीस. गेली चार वर्षं ते घराच्या तळघरात बसून, एकट्याने, एक व्हिडिओ गेम बनवत होते. गेमचं नाव 'तळ'. पाणबुड्याचा पोशाख चढवायचा, समुद्रात उतरायचं, प्रवाळ, मासे, बुडालेली जहाजं बघत बघत खाली जायचं आणि टाकीतली हवा संपायच्या आत वर यायचं. कुणाला मारायचं नाही, आपल्यालाही कुणी मारणार नाही. चिरंजीवांच्या वडिलांचं चष्म्यांचं दुकान आहे. ही कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला होता आणि विचारलं होतं, "म्हणजे नुसतं बघायचं आणि परत जायचं? हे तर लोक माझ्या दुकानात फुकट करतात."

त्या सकाळी चिरंजीवांनी चहाचा कप घेऊन खेळाडूंचे अभिप्राय उघडले. अपेक्षा माफक होत्या. पाण्यातून खाली झिरपणाऱ्या उन्हाबद्दल कुणीतरी दोन शब्द लिहावेत. त्या उन्हावर त्यांचं सव्वा वर्ष गेलं होतं. आणि जमलं तर ऑक्टोपसबद्दल. ऑक्टोपसला पाच महिने लागले होते. त्याचे आठही पाय वेगवेगळे हलत.

'बुडबुडा' नावाच्या खेळाडूने लिहिलं होतं, "पाणी बरं आहे. पण ती बाई कोण?"

'कोरडा टॉवेल' नावाच्या खेळाडूने लिहिलं होतं, "हवा संपत आली की ओरडते ती कोण आहे? मी मुद्दाम गुदमरतोय."

'गळ' या खेळाडूने सविस्तर लिहिलं होतं. "एकशे दहा मीटरला ती म्हणते, 'वर ये, तिसऱ्यांदा सांगतेय, चौथ्यांदा सांगणार नाही.' एकशे वीसला चौथ्यांदा सांगते. मला भरून आलं. बाकी, ऑक्टोपस होता वाटतं कुठेतरी."

झालं होतं ते असं. हवा संपत आली की पाणबुड्याला इशारा द्यायला एक आवाज हवा होता. चिरंजीवांच्या मनात होता तो धीरगंभीर आवाज, आणि तो यथावकाश कुणाकडून तरी करून घ्यायचा होता. तोवर तात्पुरतं काहीतरी घालू म्हणून त्यांनी शोधाशोध केली, तर हाताशी आई होती. त्याआधी महिनाभर त्यांनी नळाच्या धारेचा आवाज मिळावा म्हणून स्वयंपाकघरात सिंकच्या मागे माइक लावून ठेवला होता. धार काही मनासारखी आली नाही. पण दर जेवणाच्या वेळी आई ओट्याशी उभी राहून, मान तळघराच्या जिन्याकडे वळवून 'वर ये रे!' अशी जी हाक मारायची, ती मात्र झकास आली होती. पाणबुड्याला सांगायचं ते तेवढंच. चिरंजीवांनी तीस हाका कापून काढल्या आणि दर दहा मीटरला एक याप्रमाणे समुद्रात पेरून टाकल्या. पूर्ण ऐकत बसायला वेळ नव्हता. सुरुवात 'वर' या शब्दाने होतेय ना, एवढं पाहिलं.

मग ते बदलायचं राहून गेलं. राहून गेलंय हे लक्षातही आलं नाही, कारण चिरंजीवांनी स्वतःचा खेळ हजार वेळा खेळला असला, तरी हवेचा प्रत्येक साठा कुठे आहे हे त्यांना पाठ होतं. हजारातल्या एकाही वेळी त्यांची हवा संपत आली नाही. स्वतःच्या समुद्रात ते कधी गुदमरलेच नव्हते.

ते वर गेले. आई ओट्याशी होती, वडील टेबलाशी पेपर वाचत होते.

"आई, तू गेममध्ये आहेस."

"कुठल्या?"

"माझ्या."

"मी काय करते त्यात?"

"ओरडतेस."

"मग खेळ अगदी वास्तववादी झालाय," वडील पेपरामागून म्हणाले.

आईने आधी "शी, काहीतरीच! काढून टाक ते," असं म्हटलं. मग हात पुसत पुसत विचारलं, "काय म्हणतायत पण लोक?" चिरंजीवांनी दोन-तीन अभिप्राय वाचून दाखवले. आईने खुर्ची ओढून घेतली.

"हा टॉवेल कोण? मुद्दाम गुदमरतोय म्हणजे काय? त्याच्या घरचे करतात काय?"

"आई, तो खोटा खोटा गुदमरतोय."

"ते असू दे. त्याला सांग, आधी जेवून घे आणि मग खेळायला बस."

चिरंजीवांनी तसं लिहिलं. 'आई म्हणते, आधी जेवून घे.' दुपारपर्यंत नऊशे लोकांनी ते वाक्य पसंत केलं आणि त्यातल्या साठेक जणांनी खरंच जेवून आल्याचं कळवलं. काहींनी काय जेवलो तेही लिहिलं. आईने त्या दिवशी दोनदा आरशात पाहिलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. चौथ्या दिवशी आत्याचा फोन आला.

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहते. भूमापन कार्यालयात एकतीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेली बाई. एकदा कामाला लागली की ओढ्याकाठचा खांबसुद्धा सोडायची नाही. चिरंजीवांनी आपला जुना कॉम्प्युटर तिला दिला होता. भाच्याने खेळ काढला म्हटल्यावर तो खेळणं हे तिला कर्तव्य वाटलं.

"वहिनी, काय खणखणीत ओरडतेस गं!" फोन स्पीकरवर होता. "वीस मीटरवर होते, हाक ऐकली आणि खुर्चीतून उठलेच मी. म्हटलं, जेवायची वेळ झाली."

"अहो ताई, काहीतरीच तुमचं," आई लाजत म्हणाली.

"नाही गं. मी आता नेमच केलाय. दर दहा मीटरला मुद्दाम हवा संपवायची, तुझी हाक ऐकायची, मगच पुढे. ग्राफ पेपरवर नकाशा काढतेय सगळा. असं सोडणार नाही, तळापर्यंत जाणार!"

आई दिवसभर खुशीत होती. संध्याकाळी चहाच्या वेळी 'गळ'चा नवीन अभिप्राय आला. त्यात एवढंच होतं: "तळाला पोचलो. तीनशे मीटर. आणखी कुणी पोचलंय का? नणंदेचं ऐकलंत का??"

चिरंजीव जिना उतरून खाली गेले. तिसाव्या हाकेची फाइल उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती शेवटपर्यंत ऐकली.

"वर ये रे, सगळं गार होतंय!" आई ओरडली. मग तिचा आवाज खाली आला. "हं, बोल गं. नाही, याला हाक मारली. तर काय सांगत होते? हां, आमच्या नणंदबाई. मिक्सरचं भांडं नेलं, ते परत दिलं म्हणायला दिलं. पण ते आमचं नव्हेच! कुठलंतरी भलतंच. झाकणच बसत नाही त्याला. बावीस वर्षं, बावीस वर्षं मी झाकण हाताने दाबून मिक्सर लावतेय. आणि वर तोंड करून दर वेळी विचारतात, 'वहिनी, मिक्सर बरा चाललाय ना?' जन्मभर नकाशे काढले म्हणे. एक भांडं कुठून कुठे गेलं ते नाही कळलं बाईंना!"

यानंतर बुडबुडे होते. ते चिरंजीवांनी मागाहून घातले होते.

आईला ऐकवलं तेव्हा ती आधी हसली, मग खाली बसली.

"हे मी मावशीशी बोलत होते."

"हो."

"फोनवर. खासगीत."

"आई, तिथे माइक होता."

"अरे, पण मला हाक मारायची होती म्हणून मी हाक मारली! पुढचं तुझ्यासाठी नव्हतं!" तिने वडिलांकडे पाहिलं. "तुम्ही तरी काही बोला."

"मी चारदा म्हटलं, नवं भांडं आणू," वडील म्हणाले. "चारही वेळा म्हणालीस, प्रश्न भांड्याचा नाहीये."

"नव्हताच भांड्याचा!" आई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या अकरा दिवस दवाखान्यातल्या त्या अरुंद बाकावर झोपल्या रे. अकरा दिवस. सख्खी बहीण फोन करायची, त्या बाकावर झोपल्या. आणि माझ्या तोंडून त्यांनी हे ऐकायचं? तेही समुद्राखाली? त्या परत या घरात पाय ठेवतील का? मला दुसरं आहे कोण इथे, दुपारचं दोन शब्द बोलायला?"

यावर वडिलांनी पेपर खाली ठेवला, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

"किती मीटरवर आहेत त्या आत्ता?" आईने विचारलं.

"सकाळी वीस म्हणाली."

"मग बसलायस काय? काढ तो आवाज!"

चिरंजीव कामाला लागले. घाईघाईने एका बातम्या देणाऱ्या बाईंकडून आवाज करून घेतला आणि खेळाची सुधारित आवृत्ती सोडली. आता हवा संपत आली की समुद्रातून आवाज येई, "सावधान. आपल्या टाकीतील प्राणवायूची पातळी कमी झाली आहे."

दोन तासांत अभिप्रायांचा भडिमार झाला.

"ही बाई मला ओळखत नाही," 'बुडबुडा'ने लिहिलं. "हिच्या सांगण्यावरून मी वर का येऊ?"

"मी आलोच नाही," 'कोरडा टॉवेल'ने लिहिलं. "बुडालो. कुणाला काही वाटलंसुद्धा नाही."

'आई परत द्या' अशी मोहीम सुरू झाली. साडेचार ताऱ्यांवर असलेला खेळ दोन ताऱ्यांवर आला. चिरंजीवांनी मधला मार्ग काढला. एकोणतीस हाका परत घातल्या, तिसावी तेवढी वगळली. त्यावर 'गळ'ने लिहिलं, "तीनशेवर आता शांतता आहे. झाकणाचं काय झालं? पुरावा दडपला जातोय." हे वाचून ज्यांनी तीनशे मीटरचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्यांनाही झाकणाची काळजी लागली. एकाने नणंदेच्या बाजूने लिहिलं, तीन जण वहिनीच्या बाजूने उभे राहिले. एका गृहस्थांनी भांड्यांचे व्यास आणि झाकणांच्या खाचा यांवर अडीच पानांचं टिपण सादर केलं. तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी मुकाट्याने तीसही हाका होत्या तशा परत घातल्या.

या सगळ्या उलथापालथीचा आत्यावर काहीही परिणाम झाला नव्हता. तिच्या कॉम्प्युटरवर पहिलीच आवृत्ती होती, कारण खेळ उतरवून घेतल्यावर तिने इंटरनेटची वायर काढून गुंडाळून कपाटात ठेवली होती.

आईने चिरंजीवांना आत्याकडे पिटाळलं. आत्याने दार उघडलं तेव्हा तिच्या कानावर पेन्सिल होती. टेबलावर ग्राफ पेपर एकाला एक चिकटवून लांबलचक पट्टा झाला होता आणि तो टेबलावरून उतरून पार खिडकीपर्यंत गेला होता. त्यावर प्रत्येक खडक होता.

"ये, ये. एकशे साठवर आहे. हे बघ, तुझं बुडालेलं जहाज. एक खांब वाकडा आहे त्याचा, मुद्दाम केलायस का?"

"आत्या, मी जरा नवीन आवृत्ती टाकून देतो. पाच मिनिटांचं काम."

"हात लावायचा नाही! माझी बारा दिवसांची मेहनत आहे त्यात. पुसली गेली तर?"

"नाही पुसली जाणार."

"आमच्या ऑफिसातही असंच म्हणाले होते. मग एक अख्खी टेकडी गेली."

"बरं, मग हवेचे साठे कुठे कुठे आहेत ते तरी सांगतो. म्हणजे तुला गुदमरायला नको."

आत्याने त्यांच्याकडे पेन्सिल रोखली. "आयती उत्तरं बघून नकाशा काढायचा नसतो. लोक काय लिहितायत तेही मी वाचत नाही. आणि हवा संपल्याशिवाय वहिनीची हाक कशी ऐकू येणार? एकशे चाळीसला काय गोड म्हणाली, 'वर ये बाळा, डोळे दुखतील.' मला रे कोण म्हणतंय असं आता?"

चिरंजीव परत आले आणि त्यांनी आईला एवढंच सांगितलं की जमलं नाही. बाळाचं वाक्य सांगायचा त्यांना धीर झाला नाही.

मग आईने सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. पडझड होणारच असेल, तर त्याआधी जमेल तेवढं गोड वागून घ्यावं, असा तिचा हिशेब असावा. दुसऱ्या दिवशी तिने आपली निळी शाल आत्याकडे पाठवली. आत्याने ती पाच वर्षांपूर्वी एकदा छान आहे म्हटलं होतं. मग चहाचा चांगला संच गेला. मग दुपारी-दुपारी फोन सुरू झाले.

"ताई, सहज केला. तुमच्याइतकं नीटनेटकं काम मी कुणाचं पाहिलं नाही हं. यांनासुद्धा सांगत असते."

"वहिनी, तुला बरं नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय! आणि ताई, खेळताना घाई करू नका. सावकाश. तो ऑक्टोपस आहे ना, त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघा. पाच महिने घातलेत पोराने."

"बघितला. दोनशे दहावर आहे मी."

आईने फोन ठेवला. "दोनशे दहा," ती घराला म्हणाली.

दोनशे तीसला तिने आत्याच्या खिडक्यांचे पडदे धुऊन दिले. दोनशे साठला ती स्वतः जाऊन आत्याची लोकरीच्या कपड्यांची कपाटं आवरून आली आणि येताना तिने आत्याच्या ग्राफ पेपरांची इतकी स्तुती केली की आत्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. दोनशे नव्वदला फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

"पोचल्या," आई म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही. साठेक अनोळखी माणसांना जेवायला लावणाऱ्या बाईला घरातल्या दोघांनी जेवायला सांगितलं, तरी जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बेल वाजली. दारात आत्या होती. अंगावर निळी शाल होती आणि चेहरा असा, की चिरंजीव आपोआप दोन पावलं मागे सरले. आत्या आत आली, खुर्चीवर टेकली, पाणी नको म्हणाली.

"वहिनी, तुला कळलंय."

"काय, ताई?"

"उगाच वेड पांघरू नकोस. ते भांडं."

आई हात पुसत पुढे झाली. "ताई, मी तुम्हाला सांगते काय झालं ते, मी तेव्हा..."

"तू नको सांगूस, मी सांगते." आत्याने शालीचं टोक मुठीत घट्ट धरलं. "पंधरा दिवस बघतेय मी. शाल काय, कप काय, पडदे काय! मी म्हटलं, ही अशी का वागतेय? मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिला कळलंय. कुठून तरी कळलंय, आणि ही माझ्या तोंडून ऐकायची वाट बघतेय. दोनशे नव्वद मीटरवर आले आणि पुढे हातच चालेना. डोक्यात सारखं तेच. म्हटलं, आधी हे सांगून टाकावं आणि मगच तळ गाठावा."

चिरंजीवांनी आईकडे पाहिलं. आईने चिरंजीवांकडे पाहिलं. दोनशे नव्वद.

"तुझं भांडं माझ्या हातून पडलं गं," आत्या म्हणाली. "तेव्हा मिक्सर घेऊन तुला महिनाही झाला नव्हता. तडा गेला त्याला. तुला सांगायची लाज वाटली. चार दुकानं हिंडले, एक जण म्हणाला, सेम टू सेम आहे, तेच आणून दिलं तुला. झाकण बसतं की नाही ते बघायचा धीर झाला नाही. म्हणून तर दर वेळी विचारायचे, मिक्सर बरा चाललाय ना? तू म्हणायचीस, हो. मग मला महिनाभर बरं वाटायचं. बावीस वर्षं झाली, वहिनी."

आता आईपुढे दोन रस्ते होते. एक म्हणजे, ताई, झाकण बसत नाही, मला माहीत होतं, मी मावशीशी बोलले, चुकलं माझं. हा रस्ता सरळ होता, आणि चिरंजीव भुवया उंचावून तिला तोच दाखवत होते. पण समोर सत्तरीची बाई शालीचं टोक पिळत बसली होती, आणि आईला ते बघवेना.

"अहो ताई!" ती म्हणाली. "काहीतरीच काय! मला तर आज कळतंय की ते भांडं आमचं नव्हतं."

वडिलांनी तोंड उघडलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं. वडिलांनी पेपर उचलला.

"खरं सांगतेस?" आत्याने विचारलं.

"अगदी खरं."

"आणि झाकण? झाकण बसतं?"

"घट्ट!" आता आई थांबायला तयार नव्हती. "उलट काढायलाच जोर लागतो. परवाच यांना म्हटलं, असली भांडी आता मिळत नाहीत. हो की नाही हो?"

"म्हणाली," पेपरामागून आवाज आला.

आत्या रडली. आई रडली. चहा झाला, आत्याने दोनदा घेतला. बावीस वर्षांचं ओझं उतरल्यावर माणूस कसं दिसतं ते चिरंजीवांनी त्या दिवशी पाहिलं. आत्याने चक्क त्यांची दाढी चांगली दिसते म्हटलं. पाच वाजता ती उठली, शाल नीट केली.

"चला. आता मोकळ्या मनाने बसते. दहाच मीटर राहिलेत."

आई लगबगीने दारात आडवी आली. "ताई, जेवूनच जा ना! नाहीतर राहाच आज इथे. दोन दिवस राहा!"

"छे गं, नकाशा पुरा करायचाय. तुझी शेवटची हाक राहिलीय अजून. काय म्हणतेस त्यात, सांगू नकोस हं!"

ती गेली. दारापासून गल्लीच्या वळणापर्यंत तिची पावलं तरुण मुलीसारखी पडत होती.

"अडवा रे त्यांना कुणीतरी," आई म्हणाली.

"सांगून का नाही टाकलंस?" चिरंजीव ओरडले. "ती आयतं सांगत होती!"

"त्यांचा चेहरा बघितलास का तू? बघितलास?"

"काढायला जोर लागतो, हे जरा जास्त झालं," वडील म्हणाले.

"तुम्ही एक अक्षर बोलू नका."

फोन त्या संध्याकाळी आला नाही. आईने तीनदा उचलला, तीनदा ठेवला. तिचं म्हणणं असं होतं की आधीचं बोलणं एक वेळ माफ होईल, पण तोंडावर बोललेलं खोटं कसं माफ होईल? ते तर काल-परवाचं नाही, आजचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास चिरंजीव तळघरातून दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. त्यांच्या हातात मोबाइल होता. 'तळ'वर एक नवा अभिप्राय आला होता. लिहिणाऱ्याचं नाव होतं 'निवृत्त नकाशाकार'. म्हणजे इंटरनेटची वायर कपाटातून बाहेर आली होती.

"वाच," आई म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले होते.

चिरंजीव वाचू लागले. "खेळ पूर्ण करण्यास एकोणतीस दिवस लागले. पाण्याचा रंग चांगला आहे. वरून येणारं ऊन विशेष आवडलं. ऑक्टोपस, सांगितल्याप्रमाणे, जास्त वेळ पाहिला; पाय आठ भरतात. एकशे चाळीस मीटरला डावीकडचा उतार जहाजाच्या पुढच्या टोकाशी जुळत नाही, तेवढा दुरुस्त करावा."

"पुढे?"

"आता खेळातल्या बाईंविषयी. या बाई जमिनीवर एक बोलतात आणि पाण्याखाली एक. त्यातलं पाण्याखालचं खरं आहे, हे मी स्वतःच्या जबाबदारीवर सांगते, कारण ते भांडं मीच आणलं होतं. पण जमिनीवर त्या माझ्याशी जे धडधडीत खोटं बोलल्या, तसं खोटं माझ्यासाठी आजवर कुणी बोललं नाही. ते पुन्हा ऐकायचं झालं तर मी दोन गल्ल्या चालत जायला तयार आहे. सर्वांनी खेळ जरूर खेळावा आणि हाक आली की वर यावं. पाच तारे."

वडिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आईने डोळे उघडले आणि मोबाइल हातात घेतला. अभिप्रायाच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की तीनशे बारा जणांना तो उपयुक्त वाटला.

"हे उपयुक्त कुठे दाबायचं असतं?" तिने विचारलं.

चिरंजीवांनी दाखवलं. आईने ते दाबलं. आकडा तीनशे तेरा झाला.

"आणि तो एकशे चाळीसचा उतार आजच्या आज दुरुस्त कर," ती उठता उठता म्हणाली. "ताईंचा नकाशा चुकायचा नाही."